कोंबड्यांची झुंज, कल्याणचा ओपन आणि दहावीचा पाचवा धडा

परवा रात्री जेवणं झाली आणि मुलगी गणिताचं पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली. यंदा दहावी. गणित भाग एक, पाचवा धडा, संभाव्यता. तिनं विचारलं, "बाबा, दोन नाणी एकदम उडवली तर काय काय येऊ शकतं?" मी बातमी टाईप करत होतो, मान वर न करता सांगितलं, दोन्ही छापा, दोन्ही काटा, नाहीतर एक छापा एक काटा. झाल्या तीन गोष्टी. म्हणजे दोन्ही छापा पडायची शक्यता तीनात एक.

ती हसली. "चूक. चार."

मग तिनं मला समजावलं. पहिल्यावर छापा दुसऱ्यावर काटा ही एक गोष्ट, आणि पहिल्यावर काटा दुसऱ्यावर छापा ही दुसरी. दिसायला सारख्या, मोजायला वेगळ्या. म्हणून चारात एक. पुस्तकात ह्याला नमुना अवकाश म्हणतात. आम्हाला शाळेत हे कुणी असं बसून समजावल्याचं मला आठवत नाही. पण माझी लाज थोडी राखली ती एका फ्रेंच माणसानं. दालांबेर नावाचा मोठा गणिती होता, फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध ज्ञानकोशाचा एक संपादक. त्यानं १७५४ साली त्याच ज्ञानकोशात छापा-काट्यावर लेख लिहिला आणि अगदी माझ्यासारखीच चूक केली. दोन फेकीत एकदा तरी छापा येण्याची शक्यता त्यानं तीनात दोन धरली. खरी आहे चारात तीन. म्हणजे मंडळी, ही चूक अडाण्याची नाही. माणसाच्या डोक्याला जे दिसतं ते मोजायची सवय आहे, आणि इथं न दिसणारं मोजावं लागतं.

हे सांगायचं कारण, त्या रात्री तिचा धडा वाचता वाचता मला आपल्या गावातली एक जुनी गोष्ट नव्यानं दिसली. ती लांबलचक आहे. सावकाश वाचा.

वीसेक वर्षं मी पोलिसांच्या प्रेसनोट वाचतोय. त्यातली एक नोट इतकी ठरलेली असते की नाव आणि चौक बदलला की बातमी तयार. "कल्याण मटका नावाचा जुगार खेळत व खेळवीत असताना मिळून आला. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, बॉलपेन आणि रोख रक्कम जप्त. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ)." हा कायदा १८८७ चा. आणि ह्या नोटेत सापडतो तो चिठ्ठी लिहिणारा, टपरीच्या आडोशाला उभा असलेला, कमिशनवर जगणारा माणूस. त्याच्याकडं आकडा लावणारा कोण असतो हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्रमागावरचा कामगार, हमाल, रिक्षावाला. शनिवारी आठवड्याचा पगार हातात आला की आधी त्या आडोशाला जाऊन मग घरी जाणारा. माझे एक चुलते गिरणीत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी रोजचा ओपन-क्लोज बारीक अक्षरात लिहून ठेवलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, काका दुधाचा हिशेब ठेवतात.

मटक्याचा आणि आपल्या गावाचा संबंध नुसता चौकातला नाही, तो कापसाचा आहे. मुंबईत हा आकडा सुरू झाला तो कापसाच्या भावावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला ते टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचं, आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. एकसष्ट साली न्यूयॉर्कहून येणारे ते भाव थांबले. मग आकडा आणायचा कुठून? चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या. मडकं म्हणजे मटका. १९६२ साली कल्याणजी भगत ह्यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री ह्यांनी दुसरा. पुढं मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेच राहिलं. मुंबईच्या गिरणगावात तो पसरला आणि जिथं जिथं गिरणी कामगार होता तिथं तिथं पोचला. आपल्याकडं जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. गिरण्या एकेक करून गेल्या, आकडा राहिला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, खेळ कसा आहे ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी नुसती मान हलवावी. शून्य ते नऊ ह्यातले तीन आकडे निघतात. समजा ४, ६ आणि ९ निघाले. ही झाली पत्ती, ४६९. बेरीज १९, तिचा शेवटचा आकडा ९. तो ओपनचा आकडा. तसंच पुन्हा क्लोजला. तुम्ही आकड्यावर लावू शकता, पत्तीवर लावू शकता, दोन्ही मिळून जोडीवर लावू शकता. आकडे कुठल्याही क्रमानं निघोत, पत्ती लहानाकडून मोठ्याकडं लिहायची. ९-४-६ निघाले तरी पत्ती ४६९ च. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ज्याला चौथीनंतर शाळा बघायला मिळाली नाही असा माणूस तुम्हाला सांगेल की एकेरी पत्त्या, म्हणजे तिन्ही आकडे वेगळे असलेल्या, १२० आहेत. दुहेरी, म्हणजे दोन आकडे सारखे, ९०. तिहेरी १०. एकूण २२०. कुठल्या आकड्याच्या कुठल्या २२ पत्त्या, तेही पाठ असतं. मी एकाला विचारलं, १२० च का? म्हणाला, "चार्टात तेवढ्याच हायेत की."

त्या "का" चं उत्तर मुलीच्या पुस्तकात शोधायला गेलो आणि तिथून भलतीकडंच पोचलो. दहातून तीन वेगळे आकडे किती प्रकारे निवडता येतील? वर दहा, नऊ, आठ ह्यांचा गुणाकार, खाली एक, दोन, तीन ह्यांचा. ७२० भागिले ६, म्हणजे १२०. हा नियम सगळ्या संख्यांना लागू पडेल अशा स्वरूपात लिहून ठेवणारा फार जुना माणूस आपला शेजारी निघाला. नाव महावीराचार्य. ग्रंथ गणितसारसंग्रह. काळ इसवी सन ८५० च्या आसपास. ग्रंथाच्या सुरुवातीला त्यानं राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड. सोलापूरहून कलबुर्गी, तिथून पुढं चाळीसेक किलोमीटर. आपल्या भागातल्या किती घरांची सोयरीक त्या पट्ट्यात आहे!

महावीराचार्यानं नियम सांगून उदाहरण दिलं ते सहा चवींचं. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड. ह्यांची किती मिश्रणं होतील? एकेक घेतली तर सहा, दोन-दोन १५, तीन-तीन २०, मग पुन्हा १५, ६ आणि सगळ्या मिळून १. एकूण ६३. दुसरं उदाहरण रत्नांच्या हाराचं. मटक्याचा चार्ट करणाऱ्याला हे नाव ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याच्या १२० पत्त्या ह्या नियमातून पडतात.

आता खरी गोष्ट. हा ग्रंथ १९१२ साली मद्रासला इंग्रजी भाषांतरासह छापला गेला, एम. रंगाचार्य ह्यांनी केला. आणि हिंदी अनुवादासह तो छापला गेला १९६३ साली. अनुवाद मध्य प्रदेशातले गणिताचे प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन ह्यांचा. प्रकाशनाचं गाव? सोलापूर. आपल्या जैन संस्कृति संरक्षक संघानं, जीवराज जैन ग्रंथमालेत तो काढला. ही ग्रंथमाला ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी ह्यांच्या नावानं चालते, सोलापूरचेच ते. संपादक होते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. तिलोयपण्णत्ती हा आणखी एक गणितानं भरलेला प्राकृत ग्रंथही ह्याच मालेत आला. म्हणजे ज्या गावाला आपण चादर, टॉवेल, शेंगाचटणी आणि पाणीटंचाई एवढ्यावरच ओळखतो त्या गावानं भारतातल्या जुन्या गणिताचा एक मोठा ग्रंथ छापून जगाला दिला, आणि आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही परवापर्यंत नव्हतं. पत्रकार म्हणवतो.

तारखा शेजारी ठेवून बघा. १९६२ ला वरळीत मटका. १९६३ ला सोलापुरात गणितसारसंग्रह. एक गोष्ट मुंबईहून इकडं आली आणि घरोघर पोचली. दुसरी इथून निघाली आणि अभ्यासकांच्या कपाटात गेली.

नुसत्या १२० पत्त्यांचा योगायोग असता तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. ज्या प्रकरणात हा चवींचा नियम आहे, मिश्रक व्यवहार, त्याच प्रकरणात पुढं एक गणित आहे. ते वाचून मी ताडकन उठून बसलो. माझ्या शब्दांत सांगतो.

कोंबड्यांची झुंज लागली आहे. दोन मालक, दोघांचीही पैज लागलेली. तिथं एक मंत्र-औषधं जाणणारा माणूस येतो. तो पहिल्या मालकाला बाजूला घेऊन कानात सांगतो, तुझा कोंबडा जिंकला तर पैजेची रक्कम मला द्यायची. हरला तर त्या रकमेचे दोन तृतीयांश मी तुला देईन. मग दुसऱ्याकडं जातो आणि गुपचूप तसंच बोलतो, फक्त त्याला कबूल करतो तीन चतुर्थांश. कुठलाही कोंबडा जिंको, ह्या माणसाला नेमकी बारा सोन्याची नाणी सुटतात. तर दोघांच्या पैजेच्या रकमा किती?

उत्तर, पहिल्याची ४२, दुसऱ्याची ४०. ताळा करून बघा. पहिला जिंकला तर त्याच्याकडून ४२ आले, दुसऱ्याला ४० चे तीन चतुर्थांश म्हणजे ३० दिले, उरले १२. दुसरा जिंकला तर ४० आले, पहिल्याला ४२ चे दोन तृतीयांश म्हणजे २८ दिले, उरले १२.

साडेअकराशे वर्षांपूर्वीचा बुकी! कोंबडा कुठला जिंकेल ह्याची त्याला फिकीरच नाही. दोन्ही मालकांना वाटतंय आपण जिंकलो तर जिंकलो, हरलो तरी काहीतरी पदरात पडेल, हा माणूस देवासारखा भेटला. आणि हा दोघांच्या मधोमध उभा राहून बारा नाणी कनवटीला लावतोय.

आता आपल्या चौकात या. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. गोळा झाले शंभर. आकड्याचा सगळ्यांच्या तोंडी असलेला भाव एकास नऊ. म्हणजे ज्याचा लागला त्याला नव्वद. कुठलाही आकडा येवो, वरच्या माणसाला दहा सुटले. तो जुगार खेळतच नाही. जुगार खेळतात ते बाकीचे दहा.

इथं एक थांबा घेतो, कारण ही पोस्ट उद्या कुणीतरी "आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं" म्हणून पुढं ढकलणार हे मला दिसतंय. तसं नाही. महावीराचार्यानं संभाव्यतेचं गणित मांडलेलं नाही. त्याच्या ह्या उदाहरणात शक्यता मोजलेलीच नाही. उलट शक्यतेची गरजच पडू नये अशी रचना आहे. दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या, बस्स. आणि हाच महावीराचार्य एके ठिकाणी म्हणतो की संख्येला शून्यानं भागलं तर ती तशीच राहते, जे चूक आहे. मोठा माणूस, चूक करणारा मोठा माणूस. दालांबेरच्या शेजारी बसवावा असा.

शक्यता मोजायला शिकले ते लोक फार पुढचे. इटलीत गॅलिलिओला कुणीतरी विचारलं, तीन फाशांची बेरीज नऊ यायचे प्रकारही सहा आणि दहा यायचेही सहा, मग खेळणाऱ्यांना दहा जास्त वेळा का दिसतं? त्यानं क्रम धरून मोजलं. २१६ पैकी नऊ २५ वेळा आणि दहा २७ वेळा. पुढं १६५४ साली पास्कल आणि फर्मा ह्या दोन फ्रेंच माणसांनी एकमेकांना पत्रं लिहिली. प्रश्न साधा होता. डाव अर्ध्यात मोडला तर मधले पैसे कसे वाटायचे? त्यातून एक कल्पना निघाली, आणि १६५७ साली हॉलंडच्या हायगेन्सनं ती छापली. शक्यता आणि मिळणारी रक्कम ह्यांचा गुणाकार करायचा. तो गुणाकार म्हणजे त्या डावाची खरी किंमत.

गॅलिलिओचं मोजणं आणि हायगेन्सचा गुणाकार, दोन्ही आपल्या २२० पत्त्यांना लावून बघू. सोडत प्रामाणिक आहे, तीन आकडे स्वतंत्रपणे निघतात, असं धरून. (प्रामाणिक असते का, हा प्रश्न मला विचारू नका. कमी पैसे लागलेला आकडाच काढतात असं लोक म्हणतात, आणि तरी तेच लोक लावतात.) तीन आकडे क्रमानं निघण्याचे एकूण प्रकार १०००. ४६९ ही एकेरी पत्ती सहा क्रमांनी येऊ शकते. ४४६ ही दुहेरी फक्त तीन क्रमांनी. ४४४ एकाच. १२० गुणिले ६ म्हणजे ७२०, ९० गुणिले ३ म्हणजे २७०, आणि १०. झाले हजार. चार्टात शेजारी-शेजारी छापलेल्या २२० पत्त्या सारख्या दिसतात, पण त्या सारख्या नाहीत. मुलगी मला दोन नाण्यांवर जे सांगत होती तेच हे.

आता भाव. गावोगावी थोडा फरक असतो, पण नेहमी ऐकू येणारा भाव एकेरीला रुपयाला १४०, दुहेरीला २८०, तिहेरीला ६००. गुणाकार करा. एकेरी, हजारात सहा गुणिले १४०, म्हणजे रुपयाचे ८४ पैसे. दुहेरी, हजारात तीन गुणिले २८०, पुन्हा ८४ पैसे. तिहेरी, हजारात एक गुणिले ६००, म्हणजे ६० पैसे. साध्या आकड्यावर दहात एक गुणिले नऊ, ९० पैसे.

बघितलंत? भाव ठरवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की दुहेरी पत्ती एकेरीच्या निम्म्यानं येते, म्हणून त्यानं भाव बरोबर दुप्पट केला. पैशाची बरोबरी राखली. आणि तिहेरीला, जिथं सहाशे ऐकून माणसाचे डोळे विस्फारतात, तिथं रुपयामागं चाळीस पैसे कापले. संभाव्यतेचा धडा त्या माणसानं नीट केला होता. लावणाऱ्यानं केला नव्हता.

काही जण म्हणतील, आकड्यावर रुपयाला दहाच पैसे जातात, सिनेमालाही पैसे जातात. बरोबर. पण एकदा लावून कुणी घरी जातं का? आलेले पुन्हा लावतो. शंभर रुपये असे दहा वेळा फिरले की सरासरीनं राहतात ३५. वीस वेळा फिरले की १२. आणि "दहा दिवस लावलं नाही, आता लागणारच" हे जे गणित आहे, तेही तपासून बघा. रोज एकच आकडा ओपनला लावला तर दहा दिवसांत एकदाही न लागण्याची शक्यता शंभरात जवळजवळ ३५. मागचे दहा दिवस चिठ्ठीला आठवत नसतात. माझे चुलते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे ते ह्याच आशेनं. बावीस-बावीस वर्षांचे आकडे वहीत असलेली माणसं मी बघितली आहेत. त्या वह्यांमध्ये जेवढी मेहनत आहे तेवढी आमच्या ऑफिसच्या कात्रणांच्या फायलीत नाही.

आता शाळेकडं येतो. बालभारतीचं दहावीचं पुस्तक २०१८ साली बदललं, त्यात हा धडा आहे. चांगला आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना, मग भागाकार. नाणी, फासे, चेंडूंची पिशवी, आणि बावन्न पत्ते. पत्त्यांची मजा अशी की शाळेत दप्तरात कॅट सापडला तर पालकांना बोलावतात, आणि परीक्षेत विचारतात की चित्राचा पत्ता निघण्याची संभाव्यता काय. एका शिक्षिकेनं मला सांगितलं की वर्गातल्या निम्म्या मुलींना इस्पिक-किलवरमधला फरक सांगण्यात एक तास जातो. धडा मार्कांचा आहे, सोपा आहे, शेवटी उरकून घेतात. तक्रार शिक्षकांबद्दल नाही. पोर्शन असतो.

माझी तक्रार एवढीच आहे की धडा एक पायरी आधी थांबतो. शक्यता काढायला शिकवतो, पण तिला मिळणाऱ्या रकमेनं गुणायला शिकवत नाही. हायगेन्सचा तो गुणाकार, अपेक्षित मूल्य, थेट अकरावी-बारावीच्या पुढच्या पुस्तकांत येतो, तेही शाखा बघून. आपल्या गावात दहावीनंतर मागावर, वर्कशॉपला किंवा पुण्याच्या गाडीत बसणारी पोरं किती? त्यांच्या हाती शक्यता येते, किंमत येत नाही. आणि चौकातला माणूस त्यांना शक्यता विकत नाही, तो किंमत विकतो. एका गुणाकाराचा तर प्रश्न आहे. पाचवीतला गुणाकार.

मी ओळखीच्या एका सरांना म्हणलं, मटका घ्या की वर्गात. ते म्हणाले, "तुम्ही बातमी लावाल उद्या, 'शाळेत मटक्याचे धडे'." मी काही बोललो नाही, कारण खरंच लावली असती. चार-पाच वर्षांपूर्वी तर पहिल्या पानावर.

पण कोंबड्यांचं गणित घ्यायला कुणाची हरकत असणार आहे? ते लिहिणारा जैन आचार्य, ज्या परंपरेत सात व्यसनांच्या यादीत जुगार पहिला आहे. ग्रंथ सोलापुरात छापलेला. गणित सुटतं ते दहावीच्याच पुस्तकाच्या पहिल्या धड्यानं, दोन चलांतील रेषीय समीकरणे. आणि दर वेळी पाचव्या धड्यात हवा असलेला प्रश्न त्यातूनच उभा राहतो, की बारा नाणी नेमकी कुणाच्या खिशातून गेली?

हा प्रश्न आता टपरीच्या आडोशापुरताही राहिलेला नाही. मोबाईलवर टीम लावणं, रमी, रंग ओळखा, सगळं घराघरात आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा हवाच. पण १८८७ च्या कायद्याला आता दीडशे वर्षं व्हायला आली, आणि मी अजून तीच प्रेसनोट टाईप करतोय.

तर त्या रात्री मी मुलीला कोंबड्यांचं गणित घातलं. मळखेड, अमोघवर्ष वगैरे सांगायला लागलो तर म्हणाली, आधी सोडवू दे. क्ष आणि य धरले, दोन ओळी मांडल्या, पाच मिनिटांत ४२ आणि ४० काढून दाखवले. मग स्टीलच्या डब्यात शून्य ते नऊ अशा चिठ्ठ्या टाकून आम्ही दोघं बसलो. ती काढायची, मी लिहायचो, चिठ्ठी परत डब्यात. सात लागोपाठ दोनदा आला. मी म्हणलं, आता सात नाही येणार. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि डबा हलवला. आला सात.

आतून तिची आई म्हणाली, रात्री अकरा वाजता बापलेक मटका काय खेळताय.

झोपायला जाताना ती दारात थांबली. म्हणाली, "बाबा, त्या गणितातला तो मधला माणूस, त्याला बारा मिळणारच आहेत ना? मग तो झुंज बघत तरी थांबत असेल का?"